गव्हाच्या खोलीतला आवाज

एप्रिल सरत आला की आमच्या गल्लीतले कूलर माळ्यांवरून, गच्च्यांवरून खाली येतात. कुणाचा पत्रा गंजलेला असतो, कुणाच्या पंपात मागच्या वर्षीचा गाळ बसलेला असतो. दिवसभर ठोकाठोक चालते. वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, त्यांच्यावर पहिलं पाणी पडतं, आणि तो ओला, मातकट, किंचित गोड वास घराघरांतून बाहेर येतो. मग एकेक करून सगळे कूलर सुरू होतात आणि पाऊस येईपर्यंत नागपूर एकमेकांशी ओरडून बोलायला लागतं. आम्ही नागपूरकर मोठ्यानं का बोलतो, याचं कारण बाहेरगावचे लोक आमच्या स्वभावात शोधतात. त्यांनी ते कूलरमध्ये शोधावं.

यंदा आमचा कूलर सुरू झाला त्या दुपारी मी आरामखुर्चीत पडलो होतो. डोळे मिटले, आणि त्या घरघरीच्या मागून मला एक जुना उन्हाळा ऐकू यायला लागला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी सकाळी कूलर बंद असायचा. बिघडला नव्हता. आम्हाला शांतता हवी होती, आणि शांतता ही नागपुरात मे महिन्यात किती जड वस्तू आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही धंतोलीत भाड्यानं राहत होतो. तिथे तेव्हा आजच्यासारखे दाराला दार लागून दवाखाने नव्हते. बंगले होते, बंगल्यांच्या अंगणात कडुनिंब होते, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. माझी बायको कुसुम गायची. तिचं माहेर काटोलकडचं, शेतीवाडीचं. लहानपणी देवळात भजनं म्हणायची, लग्नानंतर महाल भागातल्या एका गुरुजींकडे रीतसर शिकली. गणपतीत गायची, कोजागिरीला गायची, कधीमधी रेडिओवरही लागायची. रेडिओवर लागली की मी शेजारच्यांना सांगून यायचो आणि ती स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी घासत बसायची. स्वतःचा आवाज ऐकायला तिला लाज वाटायची. तिच्या गाण्याचा एक तुकडादेखील आमच्याकडे टेपवर नव्हता. गाणारं माणूस घरातच आहे, रोज पहाटे तानपुरा लावून बसतं, मग ते टेप कशाला करून ठेवायचं?

त्या होळीनंतर तिच्या गळ्याशी एक गाठ दिसायला लागली. जवळच्याच एका सर्जननं तपासलं. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ होते.

"गाठ काढावीच लागेल," ते म्हणाले. "महिना-सव्वा महिना थांबलं तरी चालेल, पण त्यापुढे नको. एक गोष्ट आधीच सांगतो. आवाजाची नस या गाठीला अगदी लागून जाते. आम्ही जपूनच करतो, पण वचन देता येत नाही."

कुसुमनं विचारलं, "बोलता येईल ना?"

"बोलता येईल."

"मग ठीक आहे."

गाण्याचं तिनं विचारलंच नाही. मी विचारणार होतो, पण तिनं माझ्याकडे अशी एक नजर टाकली की माझे शब्द तोंडातच राहिले. घरी येताना तिनं हातगाडीवर कैऱ्या घेतल्या, दाबून, वास घेऊन, नेहमीसारख्या निवडून.

त्या संध्याकाळी ती कैऱ्या चिरत असताना मी म्हटलं, "कुसुम, तुझं गाणं टेप करून ठेवू."

विळीवरचा हात थांबला. "काहून? मी मरून राहिली काय?"

"तसं नाही वं..."

"मग कसं? या कैऱ्यांसारखं मले बरणीत भरून ठेवता काय? वर्षभर पुरलं पाहिजे म्हणून?"

चिरण्याचा आवाज वाढला.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, तिचा राग बरोबर होता. मी आवाज वाचवायला निघालो होतो, म्हणजे तो जाणार हे मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. तिनं ते धरलं नव्हतं. पण भीती वाटली की माणूस हाताला काहीतरी काम लावून घेतो. मी सायकल काढली आणि रामदासपेठेत मधूकडे गेलो.

मधू वाकोडे माझा शाळेपासूनचा मित्र. कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. आवाज या विषयाचं त्याला वेड होतं. त्याच्याकडे एक स्पूलचं रेकॉर्डिंग मशीन होतं, एखाद्या ट्रंकेएवढं. त्याच्यावर तो क्रोशाचा रुमाल घालून ठेवायचा. मी सगळं सांगितलं. त्यानं मशीनवरचा रुमाल काढला. मग म्हणाला, "ऐक गा. लोक आधी मशीन विकत घेतात आणि मग खोली शोधतात. आपण उलटं करू. आधी खोली, मग माइक, मग मशीन. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय काहीच नाही करायचं. कानाले सवय असते रे, नको ते आवाज गाळून टाकायची. माइकले ती सवय नसते."

हे वाक्य मला तेव्हा नीटसं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बसून मी डोळे मिटले आणि फक्त ऐकायला लागलो, तेव्हा कळलं. घड्याळ. पंख्याच्या दांडीची कुरकुर. नळाखालच्या बादलीत थेंब. वरच्या मजल्यावर सुलोचनाबाईंचा खलबत्ता. अजनी स्टेशनच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी. दूधवाल्याच्या कॅन. कावळे. इतके आवाज माझ्या घरात राहत होते आणि मी त्यांना कधी भेटलोच नव्हतो. मी ऑफिसातून आणलेल्या ट्रेसिंग पेपरवर घराचा नकाशा काढला आणि कुठून कोणता आवाज येतो ते बाणांनी दाखवत गेलो. पुढची खोली रस्त्यामुळे बाद. मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर, आणि तो बंद केला तरी शेजारचा कूलर भिंतीपलीकडेच. स्वयंपाकघरात पत्र्याचं छप्पर, ऊन चढलं की ते तडतडायचं.

उरली धान्याची खोली. मागच्या अंगाला, अरुंद, एकच झरोका असलेली. त्याच आठवड्यात कुसुमच्या भावानं शेतावरून वर्षाचा गहू आणि तूर पाठवली होती. पोत्यांवर पोती, पार छातीपर्यंत.

मधू आला. प्रत्येक खोलीत उभा राहून त्यानं टाळी वाजवली. पुढच्या खोलीत टाळी भिंतीभिंतीवर आपटत फिरली. मधल्या खोलीत ती टणकन वाजली. गव्हाच्या खोलीत त्यानं टाळी वाजवली आणि ती तिथल्या तिथे संपली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी वाजवली. पुन्हा तसंच. वाजली आणि गव्हात गेली.

एवढ्यात कुसुम सूप घेऊन दारात आली. दोन मोठी माणसं अंधाऱ्या खोलीत टाळ्या पिटताहेत.

"काय करून राहिले बाप्पा तुम्ही? आरती आहे काय?"

मधूनं तिला समजावून सांगितलं, की पोत्यांमुळे इथे आवाज घुमत नाही. तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न पाहता आत आली, पोत्यांच्या मधोमध उभी राहिली आणि हळूच एक षड्ज लावला. तो सा मला अजून आठवतो. उघडा, कसलाही टेकू नसलेला. ती थांबली, पुन्हा लावला, मग मान हलवली.

"इथं आवाज वापसच येत नाही, भाऊजी."

"तेच तर पाहिजे, वहिनी."

"तुमच्या माइकले पाहिजे. गाणाऱ्याचं काय? आवाज थोडा तरी वापस आला पाहिजे, नाहीतर विहिरीत तोंड घालून गायल्यासारखं वाटते. हे समोरचे पोते काढा. समोरची भिंत उघडी राहू द्या."

आम्ही पोती ओढली. घामानं निथळलो. कडुनिंबाचा वाळलेला पाला गव्हात घातलेला असायचा, त्याचा कडवट वास नाकातोंडात गेला. समोरची भिंत मोकळी झाली. तिनं पुन्हा सा लावला, आणि या वेळी तो जरासा, अगदी आमसुलाच्या चवीएवढा, परत आला.

"हं," ती म्हणाली. "आता पहा."

तिनं होकार दिला असं मी म्हणणार नाही. होकार हा शब्द तिनं उच्चारला नाही. पण त्या दिवसापासून हा उद्योग आमच्या दोघांचा झाला.

मग यंत्रांची निवड सुरू झाली. मधूचं स्पूलचं मशीन आम्ही सायकलरिक्षात घालून आणलं, मांडीवर मूल घ्यावं तसं. त्याचा आवाज भारदस्त होता, पण आत कुठेतरी एक हुंकार सतत चालू असायचा आणि त्याच्या जुन्या टेपा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या. ऐन आलापात टेप तुटली तेव्हा मधूनं स्वतःच त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. तिसऱ्या दिवशी ते रिक्षातून परत गेलं.

बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं एक चकचकीत मशीन पुढे केलं. गाण्याबरोबर त्याचे लाल-हिरवे दिवे नाचायचे. "साहब, सब इसीमें है. माइक भी अंदर है." कुसुमनं दुकानातच दोन ओळी म्हटल्या आणि त्यानं त्या वाजवून दाखवल्या. ऐकून आम्ही चमकलो. गाणं चालू असताना आवाज ठीक होता, पण ती जिथे श्वासासाठी थांबली तिथे दुकानातला पंखा, रस्त्यावरची टांग्याची टाप, कुणाचं तरी खोकणं, सगळं फुगून वर आलं होतं. पुन्हा गाणं सुरू झालं की ते सगळं खाली दबलं होतं.

"हे मशीन स्वतःच आवाज लहान-मोठा करते," मधू म्हणाला. "कोणी गप्प बसलं की त्याले वाटते, आवाज कमी पडून राहिला. मग ते वाढवते."

कुसुम हसली. "म्हणजे याले शांतता सहन नाही होत. नको जी हे. घरी एक आहेतच तसे."

तिचं ते हसणं गेल्या कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. दुकानदारही हसला, कळलं काही नसावं तरी.

शेवटी मशीन मिळालं ते मधूच्या ओळखीच्या एका बदली होऊन चाललेल्या प्रोफेसराकडून. ओबडधोबड, करड्या रंगाचं, दिवे नाहीत, नाच नाही. पण त्याला एक सुई होती आणि आवाजाची पातळी आपल्या हातानं ठरवायचं बटण होतं. मुख्य म्हणजे ते बॅटरीवर चालायचं. उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसायचा, आणि वीज असली तरी तिची एक बारीक गुणगुण टेपवर उतरायची. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्यायची असं मधूनं बजावलं, नव्वदची टेप पातळ, ती आत गुंडाळली जाते. हेडफोन त्याचेच होते, जड, काळे, कान घामानं भिजवणारे. माइकला स्टँड हवा होता, तर माझ्या ऑफिसातल्या मोजणीच्या दुर्बिणीची जुनी, टाकून दिलेली तिवई मी साहेबांना विचारून आणली. तिच्या पायांखाली जुन्या चादरीच्या घड्या ठेवल्या, म्हणजे जमिनीचे हादरे वर चढणार नाहीत.

आणि माइक. त्याच्यावरून मधूत आणि कुसुममध्ये चक्क वाद झाला. मधूनं दोन माइक मागून आणले होते. एक नाजूक, बारीक, आत छोटा सेल लागणारा. टाचणी पडली तरी ऐकू येईल असा. दुसरा जाडा, दणकट, सभेत असतो तसल्या जातीचा. मधूचा जीव पहिल्यावर.

कुसुमनं दोन्हीवर तोच आलाप म्हटला. मग हेडफोन लावून, डोळे मिटून, एकामागून एक ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकताना तिचा चेहरा आधी आक्रसला. "हा माझा आवाज? असा पातळ?" मधू म्हणाला, प्रत्येकालाच तसं वाटतं, आपण आपला आवाज अर्धा हाडांतून ऐकत असतो. तिनं पुन्हा ऐकलं. यावेळी ती स्वतःला ऐकत नव्हती, भाजी निवडावी तशी आवाज निवडत होती.

"हा जाडाच घ्या."

"वहिनी, त्याच्यात बारकावे कमी येतात."

"त्या बारक्यात मी आहे, खोली आहे, वरच्या सुलोचनाबाई आहेत, दुरून गाडी आहे. सगळेच आहेत. या जाड्यात फक्त मी आहे. तुम्हाले माझं गाणं टेप करायचं आहे की धंतोली?"

मधूनं नाजूक माइक मुकाट्यानं डबीत ठेवला.

सकाळी, उन्हं पत्र्यावर चढायच्या आत, आम्ही बसायचो. सुलोचनाबाईंना सांगितलं होतं. त्या खलबत्ता नऊनंतर काढायच्या, आणि त्यांच्या जिन्यावरून उतरताना चपला हातात घ्यायच्या. घड्याळ मी पांघरुणात गुंडाळून कपाटात ठेवायचो. कूलर बंद. पंखा बंद. झरोक्याला गोधडी. पोत्यांच्या मधल्या चटईवर कुसुम, मांडीवर तानपुरा. तिच्या हातातल्या बांगड्या तानपुऱ्याच्या प्रत्येक छेडीबरोबर किणकिणायच्या. त्या काढायला ती तयार नव्हती आणि मीही म्हटलं नसतं. तिनं माझा रुमाल घेतला आणि बांगड्यांवरून घट्ट बांधला. उकाड्यानं तानपुऱ्याच्या तारा उतरायच्या, पुन्हा लावाव्या लागायच्या. घाम तिच्या कपाळावरून भुवईत, भुवईतून गालावर यायचा. तो पुसायला हात उचलला तर पदराची सळसळ टेपवर येणार, म्हणून ती तो तसाच वाहू द्यायची.

मी दाराशी, कानाला हेडफोन लावून, सुईवर डोळे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण कुसुमला इतक्या जवळून मी कधी ऐकलं नव्हतं. सूर लावण्याआधी ओठ विलग होतात, त्याचा आवाज असतो. श्वास आत घेताना तो कुठेतरी किंचित अडखळतो. तार सप्तकात जाण्याआधी ती घोट गिळायची, आणि तो घोट त्या गाठीवरून खाली जाताना मला ऐकू यायचा, किंवा येतो असं वाटायचं. सुई डोलायची. मी बटणावर बोट ठेवून बसायचो आणि मनात म्हणायचो, आत्ता आहे. आत्ता आहे. आत्ता अजून आहे.

एकदा एक बंदिश फार सुरेख जमली आणि नेमकी शेवटच्या आवर्तनात बाहेरच्या आंब्यावर कोकिळा सुरू झाली. मी कपाळाला हात लावला. पुन्हा घेऊ म्हटलं.

"राहू द्या," कुसुम म्हणाली. "तिच्याही घरात आपण कितीदा बोललो असू."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळपर्यंत आम्ही बसलो. शेवटचं गाणं झालं तेव्हा तिनं तानपुऱ्याला गवसणी घातली, नाड्या बांधल्या, बांगड्यांवरचा रुमाल सोडून मला परत दिला. तो ओलाचिंब होता.

"झालं ना जी तुमच्या मनासारखं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. देवाची कृपा म्हणून आम्ही पेढे वाटले. पहिले काही दिवस ती कुजबुजून बोलायची. डॉक्टर म्हणाले, थांबा. पाऊस आला, आम्ही थांबलो. श्रावण गेला. कुजबुजीच्या जागी आवाज आला, पण तो दुसराच होता. खरखरीत, हवा सुटल्यासारखा, वरच्या बाजूला एकदम संपणारा. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, नसेला धक्का बसला असावा, आता जे आहे ते साधारण असंच राहील. कोणाची काही चूक नव्हती. चूक असती तर रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

एका सकाळी ती तानपुरा घेऊन मधल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर वर्तमानपत्र धरून उभा होतो. तारा जुळल्या. मग बराच वेळ फक्त तारा. मग एक सूर, जो अर्ध्यात फाटला. मग पुन्हा फक्त तारा. ती बाहेर आली, चहा टाकला, आणि म्हणाली, "तुमच्यात साखर किती, आज अंदाज चुकून राहिला माझा." त्यानंतर तानपुरा कपाटावर गेला.

त्या दिवाळीत मधू आला. मी म्हटलं, त्याला एकदा ऐकवू. त्यानं इतकी धावपळ केली होती. कुसुम स्वयंपाकघरात होती. मी हळू आवाजात टेप लावली. खरंच सुरेख आलं होतं. तानपुरा भरदार, आवाज स्वच्छ, मागे शांतता. मधूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात कुसुम ताटल्या घेऊन बाहेर आली. थांबून तिनं पूर्ण ओळ ऐकली. ताटल्या ठेवल्या.

"चांगली गाते ती बाई," ती त्या नव्या, खरखरीत आवाजात म्हणाली. "पण ती आता इथं नाही राहत."

मी टेप बंद केली. मधूनं चिवडा खाल्ला नाही.

त्यानंतर मशीन, माइक, तिवई, हेडफोन, सगळं गव्हाच्या खोलीत एका पेटीत राहिलं. मला त्या पेटीकडे पाहवत नसे. इतक्या विचारानं, इतक्या जपून आम्ही एकेक वस्तू निवडली होती. प्रत्येक वस्तूनं आपलं काम चोख केलं होतं. आणि तरी त्या सगळ्यातून जे हाती आलं, ते ज्याचं होतं त्यालाच नको होतं. वाचवलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं, हे वाचवताना कुणी सांगत नाही.

थंडी अशीच गेली. मग सुलोचनाबाईंची आई वारली. त्यांचं माहेर वर्ध्याकडचं. तेरावं आटोपून त्या परत आल्या आणि आमच्या पायरीवर बसून कुसुमशी बोलत राहिल्या. रडून झालं होतं, आता नुसतं बोलणं होतं.

"आईले जात्यावरचे गाणे किती यायचे वं कुसुम. माहेरचे, सासरचे, पोरीच्या पाठवणीचे. आम्ही बहिणी हसत होतो तिले. आता मलेच थोडे येते. माह्या पोरीले एकही नाही येत."

कुसुम गहू निवडत राहिली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा गव्हाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत टाळीचा आवाज. पुन्हा एक टाळी. ती एकटीच उभी होती.

"घुमते आता," मला पाहून ती म्हणाली. "पोते संपत आले. नवीन गहू येऊ द्या. मग ते मशीन काढा."

"कशाला?"

"सुलोचनाबाईचे गाणे टेप करायचे आहेत."

नवा गहू चैत्रात आला. पोती रचताना समोरची भिंत तिनंच मोकळी ठेवायला लावली. तिवई तिनंच उभी केली. सुलोचनाबाई धुतलेलं पातळ नेसून, कुंकू लावून, फोटो काढायला यावं तशा आल्या. त्यांना वाटलं होतं, यंत्र मोठं असेल. माइक पाहून म्हणाल्या, "एवढ्याशाच्या तोंडात गायचं?" आणि हसल्या. मी हेडफोन लावले, दोन्ही बटणं दाबली, सुई हलली, हात केला.

सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

मी थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. जिन्यावर धुणं घेऊन चढताना मोकळ्या गळ्यानं गाणारी बाई, पण त्या काळ्या तोंडापुढे तिचा आवाज आत पळून गेला होता. "नाही होत वं मले," त्या म्हणाल्या. "मले आठवूनच नाही राहिलं. आईचा आवाज आठवते, पण शब्द नाही येत."

कुसुम भिंतीशी बसली होती. ती उठून त्यांच्या शेजारी आली, मांडीला मांडी लावून बसली. "माझ्याकडे पहा," ती म्हणाली. "त्याच्याकडे नका पाहू." आणि जातं ओढावं तसा तिनं एक हात जमिनीवर गोल फिरवायला सुरुवात केली. सुलोचनाबाईंचा हात आपोआप तिच्या हातामागून फिरायला लागला. खरोखरीचा खुंटा धरल्यासारखा. थोडा वेळ फक्त दोघींच्या हातांची चटईवरची घसट.

मग कुसुम गायली.

त्याला सूर म्हणता आलं नसतं. खरखर होती, वारा होता, मध्येच जिथे आवाज संपत होता तिथे ती नुसते शब्द बोलून पुढे जात होती. पण चाल तीच, जी सुलोचनाबाई जिन्यावर म्हणायच्या आणि इतकी वर्षं कुसुम खालून ऐकत होती. पहिली ओळ संपली. दुसरीच्या अर्ध्यावर सुलोचनाबाईंचा जाड, सरळ, शेतातला आवाज येऊन मिसळला, आणि तिसरीपासून तो एकटा चालायला लागला. एकातून एक, एकातून एक गाणी निघत गेली. कुसुमचा हात फिरत राहिला.

मी मशीन बंद केलेलं नव्हतं. हेडफोनमध्ये मी पहिल्यांदा तो नवा आवाज जवळून ऐकत होतो. वर्षभर मी तो ऐकूच येऊ नये अशा बेतानं त्या घरात वावरत होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यात श्वास अधिक होता, सूर कमी. पण त्यात कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे शब्द सोडून द्यायचा, ते सगळं तसंच होतं. ते गळ्यात नव्हतंच कधी.

टेप संपून बटण खट्‌कन वर आलं तेव्हा सुलोचनाबाई भानावर आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अजून किती राहिले बाप्पा."

कुसुमनं मला विचारलं, "आलं काय?"

"आलं."

"माझंही?"

"तुझंही. पुसून टाकायचं असेल तर..."

"द्या इकडे." तिनं हेडफोन माझ्या डोक्यावरून काढले आणि आपल्या कानांना लावले. मी टेप सुरुवातीला नेली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिथे लाज नव्हती, दुःखही फारसं नव्हतं. हातगाडीवर कैरी दाबून पाहताना असते तेवढीच एकाग्रता होती.

तिनं हेडफोन काढले.

"माझा आवाज फार दूर आहे," ती म्हणाली. "हा आवाज पहिल्यासारखा चालत नाही. याले माइक जवळ पाहिजे."

ती उठली. तिवईचे तिन्ही पाय एकेक करून उचलले, खालच्या चादरीच्या घड्या सरकवल्या, आणि माइक स्वतःच्या ओठांपासून वीतभर अंतरावर आणून ठेवला. पदर खोचला. सुलोचनाबाईंना जवळ ओढून घेतलं.

"नवीन कॅसेट घाला," ती मला म्हणाली. "आणि सुईकडे लक्ष ठेवा जी. आम्ही दोघी आहो आता."